पोट भरलं, मन भरलं नाही

प्रश्न थोडक्यात असा: रावेरकडचे केळी बागायतदार, वय ४६. हिवाळाभर भरिताच्या पार्ट्या, दिवसाकाठी आठ कप चहा, रात्री अंथरुणात पडून दोन तास मोबाइल. मग मन खातं म्हणून महिन्याच्या दोन्ही एकादश्या निर्जळी. त्यांचं विचारणं तीन पदरी आहे. सुखाकडे ओढ असणं हा निसर्गच आहे, तर मग खंत का वाटते? तत्त्वज्ञ याबद्दल काय सांगतात? आणि ‘मधला मार्ग’ म्हणजे सगळंच निम्मं करायचं का?

तिसऱ्यापासून सुरुवात केलेली बरी, कारण तिथं पाय घसरला की पुढचं सगळं घसरतं.

निम्मं नाही. ॲरिस्टॉटलनं मध्यमाची गोष्ट सांगताना आखाड्यातला दाखला घेतला आहे. १० मिना अन्न जास्त होतं, २ मिना कमी पडतं (मिना हे तिथलं वजन, अर्ध्या किलोला थोडं कमी), म्हणून वस्ताद काही सगळ्यांना ६ मिना वाढत नाही. मायलो नावाच्या नामांकित मल्लाला ६ अपुरे, नवशिक्याला तेच जड. दोन टोकांची बेरीज करून दोनानं भागलं की निघतो तो गणितातला मध्य. माणसाचा मध्य माणूस, त्याचं काम आणि ऋतू बघून ठरतो. बागेतून केळीचे घड वाहून ट्रकपर्यंत आणणारा गडी आणि दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदार यांची भाकरी सारखी नसते, हे वाढणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. बुद्धानं सोण नावाच्या भिक्षूला वीणेच्या तारेचा दाखला दिला तोही याच अर्थानं. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, सैल सोडली तरी लागत नाही. किती ताणायची ते कानानं ठरवायचं.

मग कान कुठं लावायचा? जेवून उठताना आपण सहज बोलून जातो: पोट भरलं, पण मन भरलं नाही. या बोलण्यात एक भरणारी गोष्ट आहे आणि एक न भरणारी. हा भेद चरकसंहितेनं फार रोखठोक मांडला आहे. सूत्रस्थानाचा सातवा अध्याय, नावच ‘नवेगान्धारणीय’. त्यात १३ वेग दिले आहेत, जे कधीच दाबायचे नाहीत: लघवी, शौच, शुक्र, वायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानंतरची धाप. आणि पाठोपाठ दुसरी यादी, जे आवरायचेच असे मनाचे वेग: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जपणा, मत्सर, अति आसक्ती, दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा. (वाणीचे आणि देहाचेही काही आवरायचे वेग तिथं आहेत, कठोर बोलणं, परपीडा, चोरी वगैरे, त्यावर इथं वाद नाही.)

या याद्या सावकाश वाचा. अश्रू पहिल्या यादीत आहेत आणि शोक दुसऱ्या. म्हणजे रडू आलं तर रडून घ्यायचं, पण शोक कवटाळून बसायचं नाही. इतकी बारीक रेघ सुखवादावरच्या जाडजूड ग्रंथांतही क्वचित सापडते.

पहिल्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला तळ आहे. तहान लागते, पाणी पितो, तहान जाते. दुसऱ्या यादीतल्यांना तळ नाही. लोभ कितीही पुरवला तरी ‘बस’ म्हणत नाही, मत्सर कितीही केला तरी संपत नाही. आपली गल्लत होते ती इथं, कारण आपण उलटं करतो. झोप मोबाइलसाठी दाबतो, लघवी बस सुटेल म्हणून दाबतो, तहान एकादशीसाठी दाबतो. आणि शेजारच्या बागेचा भाव आपल्यापेक्षा जास्त लागला म्हणून जळायचं ते मात्र मोकाट. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या उलटापालटीत आहे.

ग्रीकांकडे हाच वाद रांजणावरून झाला. प्लेटोच्या ‘गॉर्जियास’ संवादात कॅलिक्लीज म्हणतो, वासना वाढेल तेवढी वाढू द्यावी आणि ती भागवत राहावं, यालाच जगणं म्हणतात. सॉक्रेटिस त्याला दोन माणसं दाखवतो. एकाचे रांजण धड आहेत. दारू, मध, दूध एकदा भरून ठेवलं की तो निवांत. दुसऱ्याचे गळके, रात्रंदिवस ओतत राहिला नाही तर त्याचे हाल. कॅलिक्लीजचं यावरचं उत्तर मला टाकाऊ वाटत नाही. तो म्हणतो, रांजण भरून बसलेला माणूस दगडासारखा जगतो, मजा आहे ती ओतण्यातच. आज भरिताची पार्टी संपायच्या आत पुढच्या पार्टीची तारीख ठरवणारे सगळे कॅलिक्लीजच्या बाजूचे आहेत.

त्याला खरं उत्तर दिलं एपिक्युरसनं (इ.स.पू. ३४१ ते २७०). याचं नाव खवय्यांच्या यादीत गेलं, पण माणूस भाकरी-पाण्यावर राहणारा. अथेन्समधल्या त्याच्या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिकत. मित्राला त्यानं लिहिलं होतं की चीजचं लहानसं मडकं धाड, म्हणजे मनात आलं की मेजवानी करता येईल. त्याच्या मते सुख दोन जातींचं. एक हलतं: तहान भागत असतानाचं. दुसरं स्थिरावलेलं: तहान भागून गेल्यावरचं. कॅलिक्लीजला पहिलंच दिसतं.

मे महिन्यात दुपारी दोनला बागेला पाणी देऊन माणूस घरी येतो. माठातला पहिला तांब्या घटाघट जातो, दुसरा सावकाश. तिसरा त्यानं घेतला तरी सुख वाढत नाही, फक्त पोट डुचमळतं. एपिक्युरसचा सिद्धान्त हाच आहे: उणीव गेली की सुखाची मर्यादा आली, त्यापुढं सुख वाढत नाही, नुसते त्याचे प्रकार बदलतात. पाण्याऐवजी लिंबू सरबत घ्या, ऊसाचा रस घ्या. चव वेगळी, पण तहान नसण्याचं सुख तेवढंच. आणि दुसऱ्या तांब्यानंतर ओट्याच्या सावलीत टेकून बसलेला तो माणूस दगड नाही. त्याला वारा लागतोय, घाम वाळतोय, कुणी बोललं तर कानाला गोड वाटतंय. हे स्थिरावलेलं सुख आपल्या हातात पडतं आणि आपण ते न बघताच मोबाइल उचलतो.

यावरून एपिक्युरसनं इच्छांचे तीन गट पाडले. नैसर्गिक आणि गरजेच्या: भूक, तहान, निवारा. नैसर्गिक पण गरजेच्या नसलेल्या: भाकरीऐवजी भरीत-पुरी, साध्या वरणाऐवजी शेवभाजी. आणि तिसऱ्या पोकळ, ज्यांना निसर्गात मूळच नाही: आपली पार्टी भाऊबंदांच्या पार्टीपेक्षा मोठी व्हावी, तिचे फोटो शंभरजणांनी बघावेत. दुसऱ्या गटाला त्याची मनाई नाही. मिळालं तर आनंदानं खा, नाही मिळालं तर जीव कासावीस होऊ देऊ नका, एवढंच. कात्री तिसऱ्या गटाला.

आता भरिताकडे. पातीच्या कांद्याचा, मिरची-लसणाच्या ठेच्याचा वास, कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, सोलून लाकडी मुसळीनं ठेचलेली, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर, सोबत कळण्याची पुरी. यात पाप शोधायला जाऊ नका. चरकाच्या ऋतुचर्येत हेमंतात अग्नी बलवान असतो, जड आणि स्निग्ध अन्न त्याला लागतं, असं स्पष्ट आहे. म्हणजे थंडीतलं भरीत निसर्गाला धरूनच आहे. किती खायचं याची खूणही चरकानं विमानस्थानात दिली आहे आणि ती वाटी-चमच्याच्या मापात नाही. कुशीवर दाब नाही, छातीत अडकल्यासारखं नाही, पोट जड नाही, इंद्रियं प्रसन्न, भूक-तहान शमलेली. उभं राहणं, बसणं, निजणं, चालणं, श्वास घेणं, हसणं आणि गप्पा मारणं हे सगळं सुखानं जमतंय. शेवटच्या दोन खुणा पार्टीसाठीच लिहिल्यासारख्या आहेत. शेतातली पंगत बघा. तिसऱ्या पुरीपर्यंत चेष्टामस्करी चाललेली असते. मग कुणीतरी म्हणतो, “घ्या हो अजून एक, एवढ्यानं काय होतं!” पाचव्या-सहाव्या पुरीनंतर गप्पा मंदावतात, कुणी कमरेचा पट्टा सैल करतो, कुणी बोलता बोलता आडवा होतो. जिथं हसणं थांबलं तिथं पोटाची मर्यादा मागं पडली होती. त्यानंतरच्या पुऱ्या भुकेनं मागितल्या नाहीत, आग्रहानं आणि मानानं मागितल्या.

आयुर्वेदाचा दुसरा ग्रंथकार वाग्भट, त्याची मोजणीही उपयोगी आहे: पोटाचे चार भाग धरा, दोन अन्नाला, एक पेयाला, एक वाऱ्यासाठी रिकामा. घरगुती भाषेत, अजून एक पुरी सहज जाईल असं वाटतं तिथं हात धुवायचा.

चार्वाकांचं नाव अशा बैठकीत हटकून निघतं, ‘ऋण काढा, पण तूप प्या’ म्हणून. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आपल्या हाती नाहीत. त्यांचं म्हणणं बहुतेक विरोधकांनी नोंदवलंय, त्यातलं प्रसिद्ध संकलन माधवाचार्यांचा १४व्या शतकातला ‘सर्वदर्शनसंग्रह’. त्यात तुपापेक्षा मोलाचा दुसरा युक्तिवाद आहे: हरणं येतात म्हणून कुणी भात पेरायचं थांबवतं का? भिकारी येतील म्हणून चुलीवर भांडं चढवत नाही असं होतं का? रोही आणि रानडुकरं पिकात घुसतात तरी पेरणी करणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. सुखाबरोबर दुःख येतं म्हणून सुख टाकणं हा भित्रेपणा, इथवर चार्वाक बरोबर. वात्स्यायनानंही कामसूत्रात हाच दाखला घेतला आणि काम हा शरीराच्या स्थितीसाठी अन्नासारखा आहे असं म्हटलं. पण दोषांवर नजर ठेवायला सांगूनच. चार्वाक पेरायला सांगतात. पोतं कुठं बांधायचं ते सांगत नाहीत, म्हणून त्यांना एकटं घेऊन चालत नाही.

खंत का वाटते, याचा उलगडा पतंजलीच्या एका छोट्या सूत्रात आहे: सुखानुशयी रागः. सुखाच्या मागं मागं येऊन निजतो तो राग, म्हणजे आसक्ती. भरीत खाताना सुख होतं. खाऊन झाल्यावर ‘पुन्हा’ हा शब्द मनात राहतो, तो राग. बोचतो हा ‘पुन्हा’, आणि आपण शिक्षा करतो पोटाला. एकादशीची निर्जळी ही अशी चुकीच्या आरोपीला दिलेली शिक्षा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (२.५९) हे आधीच सांगून ठेवलंय: निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण रस सुटत नाही. घसा कोरडा आणि डोक्यात द्वादशीच्या दुपारची शेवभाजी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण हसण्यावारी नेतात, पण ती या श्लोकावरची टीकाच आहे. सहाव्या अध्यायात तर फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं एकाच ओळीत बसवलंय.

खान्देशात तत्त्वज्ञान म्हटलं की अमळनेर आठवतं. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, भर अद्वैत वेदान्तावर. वेदान्त म्हणजे देह खोटा, सुख खोटं, अशी एक ऐकीव समजूत गावोगाव आहे. तैत्तिरीय उपनिषद उघडून बघा: ‘अन्नं न निन्द्यात्’, अन्नाची निंदा करू नये, हे व्रत. त्याच उपनिषदात आनंदाची मोजदाद आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, धडधाकट आणि धनानं भरलेली सगळी पृथ्वी ज्याच्या मालकीची, त्याचा आनंद म्हणजे १ माप. त्यावर शंभरपट, त्यावर पुन्हा शंभरपट, अशा पायऱ्या गंधर्वांपासून थेट ब्रह्मापर्यंत. आणि पहिल्या मापानंतर प्रत्येक पायरीवर तेच पालुपद: ज्ञानी आणि कामनेनं न मारलेल्या माणसाचाही आनंद तेवढाच. धन वाढवत नेऊन जे मिळतं ते हाव घटवूनही मिळतं, असा हा हिशेब.

‘निसर्ग’ या शब्दाबद्दल एक सावधगिरी. एपिक्युरसही निसर्गाप्रमाणे जगा म्हणतो आणि त्याचे विरोधक, स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञही तेच म्हणतात. एपिक्युरस तान्ह्या पोराकडे बोट दाखवतो: ते सुखाकडे झेपावतं, वेदनेपासून दूर होतं. स्टोइकांच्या मते माणसाचा निसर्ग म्हणजे त्याची विवेकशक्ती. त्यामुळे ‘निसर्गच आहे’ एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. कुठला निसर्ग, हे विचारावं लागतं. माझा कल ऋतूकडे आहे, कारण तो डोळ्यांनी दिसतो. दिवसा झोपू नये असं आयुर्वेद सांगतो, पण ग्रीष्माला अपवाद करतो: रात्र लहान, देह रुक्ष झालेला. जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात असताना दुपारी तासभर पाठ टेकली तर तो आळस नाही. तीच झोप पावसाळ्यात घेतली की डोकं जड. भरीतही मेमध्ये हिवाळ्याच्या मापानं खाल्लं तर बाधणारच.

देह जिंकला की मन आपोआप येतं, हा समज तुमच्या घरापासून जवळच खोडून ठेवला आहे. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. कथा सगळ्यांना ठाऊक: योगबळानं चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून सापाचा चाबूक करणारा. पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला तर मायना सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कागद कोराच धाडला, आणि मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. तो अडला कुठं ते बघा. भूक, तहान, झोप, सगळं मुठीत. अडला तो ‘मान’ या शब्दावर, चरकाच्या दुसऱ्या यादीत. निर्जळी एकादशी करून सगळ्यांना सांगत फिरणाऱ्यानं हे देऊळ एकदा बघून यावं.

आता करायचं काय. एक साधी वही घ्या, आठ दिवसांपुरती. काही खावं-प्यावं-बघावंसं वाटलं की तीन गोष्टी लिहा: हाक कुठून आली (पोट, घसा, डोळे की नुसतं डोकं), साधं काही चाललं असतं का, आणि उठताना कसं वाटलं. मधला रकाना खरा. भाकरी-ठेचा चालेल असं उत्तर आलं तर भूक. फक्त शेवभाजीच हवी असेल तर हौस. दुपारी चारच्या चहाआधी माठातलं पाणी पिऊन बघा. आठ कपांतले निदान दोन-तीन कप ही तहान असते किंवा रात्री दाबलेली झोप, हे वहीतच दिसेल.

मग कमी करायचं ते पावानं. हीसुद्धा चरकाच्या त्याच सातव्या अध्यायातली रीत: अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट पाव-पाव हिश्शानं सोडावी आणि हितकर गोष्ट तशीच पाव-पावानं धरावी, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचं अंतर ठेवून. टीकाकारांनी दिवसांची मांडणी वेगवेगळी केली आहे. सोपी अशी बसते. चहा ८ कपांवरून ६ वर, एक दिवस तसंच. मग ४ वर, दोन दिवस. मग २ वर, तीन दिवस. तिथंच थांबलात तरी हरकत नाही. एकदम सोडला तर १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि माणूस दुपटीनं परत पितो. डोकं दुखायला लागलं तर त्याच पायरीवर आणखी दोन दिवस काढा. मोबाइल १२० मिनिटांवरून ९०, ६०, ३०, याच रीतीनं.

चुकतं ते ‘धरावी’ या अर्ध्या भागात. लोक सोडतात, पण मोकळी झालेली जागा भरत नाहीत. मग मोबाइलच्या जागी टीव्ही येऊन बसतो. सुटलेल्या प्रत्येक ३० मिनिटांत काय येणार हे आधी ठरवा: ओट्यावर घरच्यांशी बोलणं, तळपायाला तेल, लवकर दिवा मालवणं. दुसरी चूक म्हणजे चहा आणि मोबाइल एकाच वेळी हाती घेणं. तिसरी, लग्नसराईत सुरुवात करणं. चौथी, शपथ घेणं. शपथेत पुन्हा मान घुसतो आणि ती मोडली की सगळंच सोडलं जातं. घसरलात तर एक पायरी मागं या, पार पहिल्या पायरीवर नको. तिसरा पाव सगळ्यात कडू जातो. गीतेनं सात्त्विक सुखाची खूण ‘आधी विषासारखं, शेवटी अमृतासारखं’ अशी दिली आहे, ती या तिसऱ्या पावाला चपखल बसते.

एकादशी सोडू नका, निर्जळी सोडा. पाणी, फळ, ताक चालू द्या आणि त्या दिवशी आवरायला दुसऱ्या यादीतला एक वेग निवडा. एक दिवस कुणाच्या केळीला काय भाव लागला, कुणी कुठली गाडी घेतली, याची चौकशी नाही. हा उपास पोटाच्या उपासापेक्षा अवघड जातो.

मधुमेह, मूतखडा किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर उपासाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रोज दारू लागत असेल तर ती घरी बसून पाव-पावानं किंवा एकदम सोडायचा प्रयोग करू नका. थरथर, झटके येऊ शकतात, त्याला डॉक्टरांची देखरेख लागते. आणि वही आठ दिवस झाले की बंद करून कपाटात टाका. पुढं चालू ठेवली की माणूस आज किती कमी घेतलं ते चारचौघांना दाखवायला लागतो.